अप्पांच्या फियाटचं मडगार्ड

आमच्या खोताच्या वाडीतल्या लाकडी घराला चिकटूनच माझ्या वडिलांची, अप्पांची, जुनी फियाट उभी होती. तिचं पुढचं मडगार्ड गंजून गेलं होतं, आणि गाडी जागची हलत नव्हती. वारण्याआधी अप्पांनी मला बजावलं होतं, "पत्राच बसव. फायबर म्हणजे खेळणं." कोंडीराम मिस्त्री म्हणाले, "ताई, पत्र्याला इथेच वेल्डिंग लागेल. फायबर नुसत्या बोल्टवर बसेल." "पत्राच," मी म्हणाले. त्यांनी गॅस पेटवला. पहिली ठिणगी आमच्या जिन्यावर पडून विझली. दुसरी विझेना, फळीतून धूर निघाला. वर आई झोपली होती, आणि तिला एकटीला जिना उतरता येत नाही. मी चपलेने ती ठिणगी चिरडली. "बंद करा! फायबरच लावा." मिस्त्री हसले. "अप्पा असते तर गल्लीभर ओरडले असते." अप्पा उभे राहायचे त्या वरच्या गॅलरीकडे मी भीतभीत पाहिलं. कोणीच ओरडलं नाही.