ओट्यावरची खुर्ची

या महिन्यात पाहिलेली ही आठवी खोली, बोरिवलीच्या गावठाणातली. घरमालकीण तेरेसाबाईंनी मला ओट्यावरच्या सागवानी खुर्चीत बसवलं. “जेलमधल्या कैद्यांनी केलेली आहे, दिवाळीच्या सेलमधून आणली. इतकी वर्षं झाली, हलत नाही बघ,” त्या कौतुकानं म्हणाल्या. मी खुर्चीची कड चाचपली. जेलच्या सुतारखान्यात शिकाऊ असताना माझी पटाशी घसरून पडलेली खाच तिथंच होती. मग त्यांनी पोलिसांत द्यायचा भाडेकरूचा फॉर्म वाचला. आधीचा पत्ता जेलचा, मी खराच लिहिलेला. लपवलं आणि मागाहून कळलं, तर लोक सामानासकट बाहेर काढतात. बाईंनी चष्मा काढला. “तू चांगला असशील रे, पण घरात सुना आहेत.” “कळतं, बाई.” मी उठलो. “जाता जाता ती खुर्ची खोलीत ठेव, येईल त्या भाडेकरूला होईल.” मी ती खिडकीपाशी नीट ठेवली आणि दार ओढून घेतलं.