गिरणी वाढवताना

सलग चौथ्या दिवशी दिवे फुटले, तेव्हा सुगंधाचा संशय पक्का झाला. गावची वायरमन तीच. घराघरांच्या छतांवरची सौरवीज एकत्र करून दाब सारखा राखायचं काम मात्र 'समई' यंत्राचं. समई माणसांचं बोलणं ऐके आणि कुणी काही चालू करायच्या आतच तेवढी वीज पुरवी. मग रोज सहाला दाब उसळतो कसा? हा दौलत जाधवच! गावातलं सर्वांत मोठं छत त्याचं. गुपचूप तारेत जादा वीज ढकलत असणार.

सकाळीच तिने त्याचं छत सील केलं, तार तोडली.

"ताई, हॅचरीत चारशे अंडी उबवायला ठेवलीत हो!"

"तारेत वीज ढकलताना नाही आठवली?"

संध्याकाळी ती मुद्दाम अनसूयामामींच्या पिठाच्या गिरणीत जाऊन बसली. शेवटचं दळण झालं. मामींनी गिरणीला हात जोडले. "चला, गिरणी वाढवते आता." त्यांनी बटण बंद केलं, आणि डोक्यावरचा दिवा फाटकन फुटला.

सुगंधाने घाईघाईने समईची नोंद उघडली. 'अनसूयाबाई गिरणी वाढवत आहेत. जास्त वीज सोडली.'

"मामी, सरळ 'बंद करते' म्हणा ना!"

"तिन्हीसांजेला असं अभद्र बोलू?"

सुगंधा पक्कड घेऊन धावत सुटली. दौलत दारातच बसला होता.

"आता कशाला जोडता, ताई? अंडी गार पडली. हॅचरी वाढवली मी."

गावभरचे दिवे एकदम प्रखर झाले.