पंक्चर न होणारे टायर

"पळणारा पण पाहिजे आणि पंक्चर न होणारा पण," मंजुळाने सांगितलं.

दुकानदार देवेशला हसू आलं. कल्याण पूर्वेच्या त्या सायकलच्या दुकानात बायका यायच्या त्या पोरांच्या सायकली घेऊन, आणि घंटी कुठल्या रंगाची घ्यायची यावर घोळ घालायच्या. ही बाई मात्र नवऱ्याची दांडीवाली सायकल विठ्ठलवाडीहून ढकलत घेऊन आली होती. पपई पिकली का बघावी तसे एकेक टायर अंगठ्याने दाबून बघत होती. सोबत शेजारची शकू होती, ती नुसती वारा घेत उभी होती.

"मावशी, दोन्ही एकात अवघड आहे," देवेश म्हणाला. "हा बघा, आतून जाड पट्टा आहे. खिळ्याचं पण काही चालत नाही. पण वजन आहे, काकांचे पाय भरून येतील. हा दुसरा हलका. हवा टाइट भरली की सुसाट. पण काच लागली की खल्लास."

"ते मला नका सांगू. ह्यांना वाटेत थांबायलाच लागणार नाही, असा द्या."

तिला खरंच तेवढंच हवं होतं. कुंडलिक डोंबिवलीच्या एमआयडीसीत कामाला होता आणि सायकलनेच जाऊन-येऊन करायचा. गेले काही महिने दर दोन-चार दिवसांनी त्याला उशीर व्हायचा. विचारलं की एकच उत्तर, "पंक्चर झालेली." आणि उशीर म्हणजे काय, ते मंजुळालाच विचारावं. गेल्या वर्षी थोरला मुलगा महेंद्र असाच जेवायला येतो म्हणाला होता. नेतिवलीच्या वळणावर त्याच्या बाईकला टँकरने उडवलं. फोन आला तेव्हा त्याचं ताट वाढून ठेवलेलं होतं. तेव्हापासून घरातल्या कुणालाही उशीर झाला, की तिला घरात बसवायचं नाही. नवरा येईपर्यंत ती दारातच उभी राहायची.

कुंडलिकचं वेगळंच. पोराच्या पुण्यानुमोदनाला हा पंगतीत फिरून वाढत होता, "भात घ्या, लाजू नका" म्हणत होता. पुढच्याच आठवड्यात कामावर गेला. घरी आला की टीव्हीवरच्या पुढाऱ्यांची टिंगल करायची, शकूला चिडवायचं, भाजीला नावं ठेवायची. असा बाप असतो का? मंजुळा त्याला तोंडावर काही बोलली नव्हती, पण मनातून तिने त्याला माफ केलं नव्हतं. तरीही दारात उभी राहायची ती त्याच्यासाठीच.

देवेशने शेवटी मधला मार्ग काढला. वरून गुळगुळीत, आत बारीक पण चिवट पट्टा. मंजुळाने किमतीत घासाघीस केली नाही, तेव्हा शकूने डोळे मोठे केले.

जुना टायर उतरला. देवेशने ट्यूब बाहेर ओढली, हवा भरली, पाण्याच्या घमेल्यात बुडवून गोल फिरवली. एक बुडबुडा आला नाही. मग त्याने ती फडक्याने पुसली आणि उजेडात धरली. दुसऱ्या चाकाची काढून तीही तशीच बघितली.

"मावशी, ह्या ट्यूब तर कधी पंक्चरच झालेल्या नाहीत. एक पण पॅच नाही."

"नवीन टाकल्या असतील त्यांनी."

"नाय हो. मीच बसवून दिलेल्या, सायकल घेतली तेव्हा. त्याच आहेत."

नवे टायर बसल्यावर मंजुळाने पैसे मोजून दिले आणि सायकल बाहेर काढली. शकूला गप्प राहायला जमलं, पण गल्लीच्या कोपऱ्यापर्यंतच.

"वाईट वाटून घेऊ नकोस गं," ती म्हणाली. "बसत असतील कुठंतरी."

आपल्याकडे पुरुष 'बसतो' म्हटलं की समोर बाटली आलीच, ती वेगळी सांगावी लागत नाही.

"तोंडाला कधी वास नाही आला."

"वास न येणारी पण मिळते आता," शकूने तोडगा सांगावा तशा सुरात सांगितलं.

घर येईपर्यंत मंजुळाच्या डोक्यात नुसता जाळ झाला होता. पिणारे तिने आयुष्यभर पाहिले होते, त्याचं तिला एवढं नव्हतं. पण आपण दारात जीव मुठीत धरून उभं राहायचं आणि हा माणूस पोराला विसरून मजेत बसलेला असायचा, हे तिला सहन होईना.

शुक्रवारची सुट्टी म्हणून कुंडलिक दुपारचा झोपला होता. उठून बाहेर आला आणि सायकल बघून खूश झाला.

"अरे वा! मला रेसमध्ये उतरवतेस की काय?"

"पंक्चर होत नाहीत हे टायर. आता रोज वेळेवर यायचं."

टायरवरून फिरणारा त्याचा हात थांबला. "बरं केलंस," तो म्हणाला, पण आवाज खोल गेला होता.

"ट्यूबला एक पण पॅच नाही. का खोटं बोललात माझ्याशी? बसता ना तुम्ही कुठंतरी?"

कुंडलिकने मान खाली घातली. "बसतो."

तो इतक्या सरळ कबूल करेल असं तिला वाटलं नव्हतं. तिला रडूच कोसळलं.

"कोणाबरोबर?"

"महेंद्रबरोबर," तो म्हणाला. "नेतिवलीच्या वळणावर. डोळे निवळले की मग येतो घरी."