डबा कुणाचा?

"या वेळी आई आली नाही, तर मुखपृष्ठावर दुसऱ्या कुणाच्या तरी आईचा फोटो जाईल," सिल्व्हियाने जोशुआला बजावलं.

सिल्व्हिया 'डबल बेल'ची संपादक होती. श्रीरामपूरच्या कॉलेजातली मुलं हे मासिक स्वतःच काढत. कपडे, केसांच्या तऱ्हा, खोलीवरचं राहणं, सगळं त्यात असे. पण अंक हाती आला की मुलं आधी उघडत ते 'डबा कुणाचा?' हे पान. दर महिन्याला घरून आलेल्या एका डब्याचा फोटो. वर्षाच्या शेवटी कॉलेजच्या चिंचेखाली डबा-मेळा. सगळ्यांना आवडलेला डबा ज्या आईचा, तिचा सत्कार आणि लेकरासोबत मुखपृष्ठावर फोटो.

यंदा जोशुआची शेपूची भाजी पहिली आली होती. गेल्या वर्षीही तीच.

"तिला गर्दी सोसत नाही," जोशुआ म्हणाला.

"गेल्या वर्षीही हेच सांगितलंस. आईची लाज वाटते का रे तुला?"

फोटो काढणारा फैयाज हसला. "काकू गावाकडचं बोलतील म्हणून घाबरतोस होय? माझ्या अम्मीच्या हातात माईक द्या, संध्याकाळपर्यंत सोडणार नाही!"

जोशुआ हसला नाही. घरी मायलेक दोघंच. आई चारचौघांत काही भलतंच बोलेल, ही एकच धास्ती त्याला होती. पण तिचा सत्कार व्हावा, आणि तिच्या शेजारी आपण उभं असावं, हेही त्याला फार हवं होतं.

"आणतो," तो म्हणाला.

मेळ्याला तो उशिराच आला, रोज कॉलेजला येई तसा. आईला त्याने हात धरून आणलं. दयाबाईंचे केस चापूनचोपून विंचरलेले होते, पदराला पिन लावलेली होती. सिल्व्हियाने त्यांना खुर्चीवर बसवलं.

"काकू, शेपू कशी करता तुम्ही? सांगा ना सगळ्यांना."

दयाबाई गोड हसल्या आणि जोशुआकडे पाहू लागल्या.

"मुगाची डाळ भिजवून घालायची," जोशुआच घाईने म्हणाला. "लसूण थोडा जास्त. आणि वर झाकण ठेवायचं नाही."

"ए, तू गप की! आईला बोलू दे!" मुलं ओरडली.

हशा झाला. मग शाल, गुलाबाचं फूल, टाळ्या. फैयाजने दोघांचा फोटो काढला. दयाबाई एक शब्दही बोलल्या नाहीत. जोशुआचा जीव भांड्यात पडला.

त्याने डबा उघडला. भाकरीच्या तुकड्यावर भाजी घेतली आणि आईच्या हातात दिली. दयाबाई सावकाश चावत राहिल्या. हळूहळू त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी जोशुआच्या पाठीवरून हात फिरवला.

"लई चव हाय रं पोरा तुझ्या आईच्या हाताला," त्या म्हणाल्या. "तिला का न्हाई आणलंस?"