कपाटाची किल्ली

केंद्रप्रमुख सोनटक्के मॅडम कपाटाची किल्ली घरी विसरल्या आणि पाहुण्यांची शाल आत अडकली. वाईट वाटेला लागू शकणाऱ्या तरुणांसाठीच्या मोफत वायरमन वर्गाचं आज उद्घाटन होतं. मॅडम पहिल्या बाकावरच्या रोशनकडे वळल्या.

"उघड की रे. लाजतोस काय? आज कुणी काही म्हणणार नाही."

रोशननं त्यांची हेअरपिन कुलपात फिरवली, वाकवली आणि शेवटी मोडली.

"नाही जमत, मॅडम. कधी केलंच नाही."

"मग तुला घेतलं कुणी? बाहेर खरी गरजू मुलं थांबलीत."

नाक्यावरचे भुरटे चोर रोशनला रोज हाका मारायचे. त्यांना टाळण्यासाठीच तर तो इथे आला होता. त्यानं हात जोडले.

"जागा तेवढी ठेवा, मॅडम. नाक्यावर जाऊन उद्यापर्यंत शिकून येतो."