बरणीतला वास

“आई, चामडं तापवलं की त्यातून जनावराचा वास येतो का गं?” मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून पोरीने आई-बाबा काम करायचे त्या चामड्याच्या कारखान्यात थेट येऊन विचारलंच.

“जनावर तर घरीच पाळलंय मी,” आई तिची वेणी ओढत हसून म्हणाली. बाबाही हसले.

आईचं काम वास ओळखायचं. बाबा चामड्याचा तुकडा काचेच्या बरणीत घालून ओव्हनमध्ये तापवायचे आणि आई डोळे मिटून हुंगायची, जो वास येईल तो सांगायची. कोमट असताना गोंद, आणखी तापलं की रंग, मग तेल. आज पोरगी खोलीच्या काचेच्या दाराबाहेर उभी राहून बघत होती.

बाबांनी नव्या मालाची बरणी उघडली.

“चिमणे, बाजूला हो बघू,” आई मिटल्या डोळ्यांनीच म्हणाली. “नुसता तुझाच वास येतोय.”

“अगं, ती बाहेर आहे,” बाबा म्हणाले.

पोरीने गंमत म्हणून आपलं मनगट हुंगलं. कसलाच वास आला नाही. मग वेणी हुंगली. तिलाही नाही.

बाबांनी तीच बरणी आणखी तापवून आणली. आईच्या कपाळाला आठ्या पडल्या. “अगं बाई, हिला तर ताप भरलाय! लहानपणी भरायचा तसाच.”

पोरीने कपाळाला हात लावला आणि चटका बसावा तसा मागे घेतला.

“काहीतरीच तुझं! थांब, गारच करतो,” म्हणत बाबा बरणी घेऊन फ्रीजकडे वळले. बरणी फ्रीजमध्ये ठेवली मात्र, बाहेर पोरीचे दात वाजू लागले.

काचेचं दार धाडकन ढकलून ती आत आली आणि तिने फ्रीजमधली बरणी उचलली.

“आई, बाबा, ऐका! ही बरणी आजपासून माझ्याजवळ राहणार. कुणी तापवायची नाही, कुणी गार करायची नाही. मी ठरवलंय.”