खंडेनवमीचं तेल

निवड चाचणीतली सरावाची पहिली गोळी वर, दुसरी खाली, तिसरी पार डावीकडे गेली. वृंदाचा हात रायफलच्या नेम जुळवायच्या स्क्रूकडे गेला आणि थबकला. स्क्रू हलला असता, तर गोळ्या एकाच बाजूला गेल्या असत्या. या तर चौफेर उधळल्या होत्या.

तिने कठड्यामागे बसलेल्या वडिलांकडे वळून पाहिलं. "आबा, काल खंडेनवमीला पूजेआधी नळीत तेल घातलंत का?"

"घातलं की! कोरडं शस्त्र पुजतात होय?" लेकीचा चेहरा बघून आबा चपापले. "माझ्यामुळं वाटोळं झालं काय गं?"

"काही झालेलं नाही. तेल जळून जाऊ दे."

स्क्रूला हात न लावता ती गोळ्या झाडत राहिली. वेळ संपत आली, तरी तिने घाई केली नाही. हळूहळू लक्ष्यावरची भोकं एकमेकांजवळ पडू लागली आणि शेवटच्या दोन गोळ्या मधोमध बसल्या.

घंटा झाली. आता प्रत्येक गोळीचे गुण धरले जाणार होते. दस्त्यावर आबांनी लावलेलं हळदकुंकू तसंच होतं. तिने ते पुसलं नाही. त्यावरच गाल टेकवून चाप ओढला.